शेवटचे धडधाकट कधी पाहिले?

पक्षाघाताला मराठवाड्यात नावे पुष्कळ. शहरातला माणूस लकवा म्हणतो, वैद्य अर्धांगवायू म्हणतात, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात आणि बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर आजही ‘अंगावरून वारं गेलं’ असे सांगितले जाते. या शेवटच्या शब्दप्रयोगात एक अडचण दडलेली आहे. वारे अंगावरून गेले म्हणजे दुखणे हातापायाचे, असा समज होतो आणि मग उपायही हातापायावरच केले जातात. तेल कोमट करून चोळतात, शेक देतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. कबुतराच्या रक्ताने मालिश करण्याची क्रूर आणि निरुपयोगी रूढीही सांगोवांगी टिकून आहे. वस्तुतः हातपाय निरोगी असतात. बिघाड मेंदूत झालेला असतो. तेथील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडलेली असते किंवा फुटलेली असते, आणि तिच्या आधारावर जगणारा मेंदूचा भाग क्षणाक्षणाने मरत असतो.

‘क्षणाक्षणाने’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेत मांडला गेला. त्याआधी, १९९५ मध्ये, गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास अधिक रुग्ण पुन्हा स्वतंत्रपणे जगू लागतात, हे सिद्ध झाले होते. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. निवडक रुग्णांमध्ये मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपाय त्याहूनही नंतर करता येतो, पण त्याची सोय मोठ्या शहरांतच. जिल्ह्याच्या ठिकाणी खरा झगडा साडेचार तासांशी असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात हा आजार किती जीव घेतो, याची मोजदाद गडचिरोलीत झालेली आहे. ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी तेथील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे नोंदवली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले. शंभरांतील सुमारे १४ मृत्यू त्याचे होते आणि त्यांपैकी बहुसंख्य घरातच झालेले होते. शहरी, सुखवस्तू, बैठे जीवन जगणाऱ्यांचा आजार अशी त्याची जी ओळख होती, ती तेथे खोटी ठरली.

म्हणूनच अपघात विभागाच्या दारात परिचारिका जो पहिला प्रश्न विचारते, त्याला एवढे मोल आहे. ‘काय झाले’ हे तिला दिसतच असते. तोंड एका बाजूला ओढलेले, एक हात लोंबता, बोलणे अडखळते किंवा बंद. ती विचारते, ‘यांना शेवटचे धडधाकट कधी पाहिले?’ घड्याळ तेथून सुरू होते. रुग्ण पडलेला कधी सापडला, याला या हिशेबात किंमत नाही. माणूस रात्री दहाला नीट बोलून झोपला आणि पहाटे पाचला उठवताना हात उचलेना, तर वेळ रात्री दहाची धरावी लागते. साडेचार तास केव्हाच उलटून गेलेले असतात. नातेवाईक मात्र ‘आत्ताच झालं, अर्ध्या तासापूर्वी’ असे सांगतात, कारण त्यांनी पाहिले तेव्हापासून अर्धा तास झालेला असतो. त्यांची चूक नाही. परंतु या एका उत्तरावर विसंबून औषध दिले गेले आणि वेळ चुकीची असली, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर मिळणे आणखी अवघड आहे, आणि त्याचे कारण वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड मजुरांच्या जोड्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. पुढले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि नातवंडे उरतात. धारूर किंवा वडवणीच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या तांड्यावर हिवाळ्याच्या सकाळी आजोबांचा हात पडला, तर ते पाहणारी असते नऊ वर्षांची नात. रुग्णाला रुग्णालयात आणणारा असतो शेजारी, ज्याने काहीच पाहिलेले नसते. मुलगा फोनवर असतो, पण तो दोन-अडीचशे किलोमीटरवर उसाच्या फडात.

अशा वेळी ‘किती वाजता?’ असे विचारून उपयोग होत नाही. अनुभवी परिचारिका घड्याळ बाजूला ठेवते आणि दिवसाला धरून विचारते. सकाळची एसटी गेली तेव्हा ते बसलेले होते का? शेतीची लाईट आली तेव्हा मोटार चालू करायला कोण गेले? नात शाळेत निघाली तेव्हा आजोबा काही बोलले का, आणि ते नीट बोलले का? शेजाऱ्याच्या फोनवरून नातीशी बोलणे करून दिले, तर तिला सगळे नेमके आठवते. एसटीची वेळ ठरलेली, लाईटची पाळी ठरलेली, शाळेची घंटा ठरलेली. त्यांवरून घड्याळाची वेळ काढता येते. ती केस पेपरवर अगदी वर, ठळक लिहायची आणि ती कोणी सांगितली हेही त्यापुढे लिहायचे. बँकेच्या खतावणीत रकमेइतकीच तारखेची नोंद महत्त्वाची असते; तारीख चुकली की व्याज चुकते. येथे चुकते ते व्याजाहून कितीतरी मोठे.

वेळेनंतरचा प्रश्न अंतराचा. आष्टीच्या माणसाला अहिल्यानगर जवळ पडते, परळीच्या माणसाला अंबाजोगाई, गेवराईच्या माणसाला बीड शहर किंवा छत्रपती संभाजीनगर. बीड ते अंबाजोगाई हे अंतर सुमारे ९० किलोमीटर, मांजरसुंब्याचा घाट मध्ये. ही भौगोलिक माहिती सर्वांना असते. ज्याची माहिती बहुधा नसते ते असे की, पक्षाघाताच्या रुग्णाला ‘जवळचा दवाखाना’ हवा नसून, ‘सीटी स्कॅन चालू असलेले जवळचे रुग्णालय’ हवे असते. रक्तवाहिनी बंद पडली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कोणालाही, कितीही मोठ्या डॉक्टरला, खात्रीने सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारे औषध फुटलेल्या वाहिनीच्या रुग्णाला दिले तर ते प्राणावर बेतते. म्हणून सीटी स्कॅनवाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि ज्या दवाखान्यात तो नाही तेथे सलाईन लावून घालवलेला एक तास परत मिळत नाही. आपल्या गावापासून रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कोठे होतो, हे निवांत दिवशी विचारून फोनमध्ये लिहून ठेवलेले असावे. १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. तिला फोन करतानाच ‘तोंड वाकडे झाले आहे, हात उचलत नाही, बोलता येत नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘चक्कर आली’ एवढेच सांगितले, तर घाईचे खरे कारण पलीकडच्या माणसाला कळत नाही.

वाटेत रुग्णाला कुशीवर निजवावे, उलटी झाली तर ती घशात जाऊ नये म्हणून. तोंडात काही घालू नये. आणि रक्तदाब मोजून तो २०० निघाला तरी घरातली गोळी जिभेखाली ठेवू नये. हे शेवटचे वाक्य अनेकांना पटत नाही. रक्तदाब वाढला म्हणून लकवा झाला, मग तो तातडीने उतरवायला नको का? बंद वाहिनीच्या पलीकडचा, अर्धमेला झालेला मेंदूचा भाग आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून कसेबसे रक्त मिळवत असतो, आणि ते रक्त तेथवर रेटण्यासाठीच शरीराने दाब वाढवलेला असतो. तो एकाएकी खाली आणला की उरलासुरला पुरवठाही तुटतो. गुठळीचे औषध द्यायचे नसेल तर २२०/१२० पर्यंतचा दाब पहिल्या दिवशी बहुधा तसाच राहू देतात. औषध द्यायचे असेल तर तो आधी १८५/११० च्या आत आणावा लागतो, तोही शिरेतून दिलेल्या औषधाने आणि मोजून-मापून. यातला निर्णय डॉक्टरांचा, पण निरोगी बाजूच्या दंडाला पट्टा बांधून बिनचूक आकडा देणे परिचारिकेचे.

रुग्ण खाटेवर येताच ती आणखी एक गोष्ट करते. बोटाला सुई टोचून साखर मोजते. साखर फार उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र उभे राहते. बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो, क्वचित एक बाजूही लुळी पडते. ६० च्या खाली गेलेली साखर शिरेतून ग्लुकोज देऊन वर आणली की काही रुग्ण बघता बघता उठून बसतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने पर्युषणात डॉक्टरांना न विचारता उपवास केला, तर हा प्रसंग आपल्याही घरात येऊ शकतो. उलट टोकालाही तपश्चर्येच्या भरात रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारे असतात आणि पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण अनियंत्रित रक्तदाब हेच आहे. गोळीची वेळ आणि मात्रा उपवासापूर्वी डॉक्टरांकडून बदलून घेता येते. चौविहार सांभाळूनही बहुतेकांना ते जमते.

नंतर प्रत्यक्ष तपासणी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली स्थापन झाले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याने त्याच गावच्या योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले होते. योगायोग असा की, त्याच १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील दोन मेंदूशल्यविशारदांनी रुग्णाची शुद्ध मोजण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेले अवयव हलवतो का, या तिन्हींना गुण देऊन त्यांची बेरीज करायची. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. म्हणूनच ती जगभर गेली आणि आज आपल्याकडच्या परिचारिकेच्या खिशातल्या टिपणवहीतही असते. पक्षाघातासाठी याहून सविस्तर, ११ बाबींची आणि ४२ गुणांची एक पट्टीही पुढे आली. तिच्यात गुण जितके जास्त, तितका आघात मोठा.

या पट्ट्या परदेशी आहेत आणि त्या आपल्या माणसांवर लावताना डोके शाबूत ठेवावे लागते. ‘आता कोणता महिना चालू आहे?’ असा त्यात प्रश्न आहे. सत्तरीची आजी ‘आषाढ’ म्हणाली तर ती बरोबर आहे. जुलै म्हटले नाही म्हणून तिचा गुण कापणे म्हणजे मेंदूचा दोष शाळेच्या माथी मारणे. वय विचारले तर ‘रझाकाराच्या वक्ताला मी रांगत होते’ असे उत्तर येईल. तेही उत्तरच आहे, आणि मेंदू शाबूत असल्याचे चांगले लक्षण आहे. बीडच्या बाजारपेठेतल्या अनेक जैन घरांत वडीलधारी मंडळी घरात मारवाडी किंवा गुजराती बोलतात. आघातानंतर मराठीत विचारलेला प्रश्न त्यांना कळला नाही, तर ‘समजत नाही’ असा शेरा पडू शकतो. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या सुनेने मध्येच उत्तर देऊ नये. ‘सिस्टर, या घरी मारवाडी बोलतात,’ एवढे मात्र जरूर सांगावे.

बोलता न येणारा रुग्ण आणि शुद्ध हरपलेला रुग्ण यांत फरक असतो, हा मुद्दा खाटेभोवती जमलेले नातेवाईक नेमका विसरतात. मेंदूच्या डाव्या बाजूस आघात झाला की उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. ऐकणे आणि ओळखणे मात्र बऱ्याच अंशी शिल्लक असू शकते. त्याच्यादेखत खर्चाचा हिशेब, शेताच्या वाटण्या, ‘आता काही खरं नाही’ हे उद्गार तो ऐकत असतो. शहाणी परिचारिका त्याच्या डोळ्यांसमोर येऊन, त्याचे नाव घेऊन, आपण काय करणार आहोत हे सांगूनच सुई लावते.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसले आणि वेळ हाती असली, तर औषध दिले जाते. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते, म्हणून वजनाचा अंदाज सांगताना नातेवाइकांनी ‘असेल साठ-सत्तर’ असे उडवून लावू नये. अलीकडचा आकडा ठाऊक असेल तर तोच सांगावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही सांगितले पाहिजे. गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणणारा नातेवाईक रुग्णालयाला लाख मोलाचा वाटतो.

औषध दिल्यावर नातेवाईकांना वाटते, आता सुटलो. परिचारिकेचे काम येथे सुरू होते. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, नंतरचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग चोवीस तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब, शुद्ध आणि हातापायांची ताकद तपासून लिहायची. दिवसभरात या नोंदी छत्तीसच्या घरात जातात. एकाएकी डोके दुखू लागले, उलटी झाली, झोप अनावर झाली, दाब उसळला, तर मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका घेऊन औषध चालू असल्यास थांबवायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे. रात्री तीन वाजता, वॉर्डात चाळीस खाटा आणि दोन परिचारिका असताना हे करायचे असते. मध्यरात्री टॉर्च लावून डोळे तपासणाऱ्या सिस्टरवर ‘जरा झोपू द्या ना त्यांना’ म्हणून चिडणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक नसतो.

आणि ज्यांची वेळ टळून गेली आहे त्यांचे काय? खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांत असेच पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी काही उरलेले नाही, असे मानून वॉर्डाच्या कोपऱ्यात सलाईनवर ठेवण्याची पद्धत पूर्वी सर्वत्रच होती. तिला ऑस्ट्रेलियातील परिचारिकांनी उत्तर दिले. सँडी मिडलटन या परिचर्येच्या प्राध्यापिकेच्या नेतृत्वाखाली न्यू साउथ वेल्स प्रांतातील १९ पक्षाघात विभागांत एक प्रयोग झाला आणि २०११ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही विभागांतील परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोरपणे करायला शिकवले. पहिले तीन दिवस ताप मोजत राहायचा आणि तो साडेनव्याण्णवपर्यंत चढला की लगेच उतरवायचा. साखर वेळोवेळी मोजून आवाक्यात ठेवायची. आणि गिळण्याची चाचणी झाल्याखेरीज तोंडाने काहीही द्यायचे नाही. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या विभागांत १०० पैकी ५८ रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते; या विभागांत ४२. शंभरांमागे सोळा माणसांचा हा फरक थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि एका चमच्याने घडवला. या तिन्ही वस्तू बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात असतात.

त्यांतला चमचा सर्वांत महत्त्वाचा, कारण घरची माया येथेच आडवी येते. माणूस कोसळला की त्याच्या तोंडात पाणी घालायचे, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार. पक्षाघातात घसाही लुळा पडलेला असू शकतो. दिलेला घोट अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतो, ठसकाही लागत नाही आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पक्षाघातातून वाचलेले अनेक रुग्ण या न्यूमोनियाने जातात. पाणी उकळलेले असो वा साधे, फुप्फुसाला ते सारखेच. गोळीही तशीच. तिलाही तोंडातूनच जायचे असते.

चाचणी साधी आहे. रुग्ण पुरता जागा हवा, त्याला ताठ बसवता आले पाहिजे, सांगितल्यावर खोकता आले पाहिजे. मग एक चमचा पाणी द्यायचे आणि थांबायचे. गळ्याची घाटी वर सरकते का, ठसका लागतो का, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी सांडते का, ‘आ’ म्हणायला लावले तर आवाज घरघरतो का, ते पाहायचे. असे दोन-तीन चमचे निभावले की थोडे अधिक. काहीही खटकले तर तोंडाने सर्व बंद, आणि नाकातून नळी घालायची की वाट पाहायची ते डॉक्टर ठरवतात. नळी पाहून घरचे हादरतात, तिला शेवटची पायरी समजतात. पुष्कळांची ती काही दिवसांत निघते.

गिळता येऊ लागल्यावर काय द्यावे, याबाबत स्वयंपाकघरातली समजूत नेमकी उलटी आहे. वरणाचे पाणी, पातळ ताक, नारळपाणी हे ‘हलके’ म्हणून आधी दिले जाते. दुबळ्या घशाला पातळ पदार्थ सर्वांत अवघड, कारण तो सावरायच्या आत निसटतो. मऊ शिजवलेल्या मुगाच्या खिचडीची, एकजीव घोटलेली, चमच्यावर उभी राहील इतकी दाट खिमट त्यापेक्षा सुरक्षित. घरी सोडण्यापूर्वी परिचारिका सुनेला किंवा मुलीला शेजारी उभे करून एक जेवण प्रत्यक्ष भरवून दाखवते, ते लक्ष देऊन पाहावे. पाठीला उशी, हनुवटी किंचित खाली, घास निरोगी बाजूने, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही, जेवताना टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास तसेच बसवून ठेवायचे. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचे नाही, खांदा निखळतो. आणि लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहिला आहे का, ते प्रत्येक वेळी टॉर्च लावून पाहायचे. त्याला स्वतःला तो तेथे आहे हे कळत नसते.